वेग कोण सांभाळतंय?

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान बेंगळुरूच्या धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर कोसळलं. विमानातल्या १४६ जणांपैकी ९२ जण दगावले. ६ जुलै २०१३ रोजी एशियाना एअरलाइन्सचं बोइंग ७७७ सॅन फ्रान्सिस्कोच्या धावपट्टीआधीच्या समुद्रकाठच्या बांधावर आपटलं. त्यात तिघे गेले. दोन्ही वेळा दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत, धडधाकट इंजिनं असलेलं विमान उतरताना वेग घटत गेला आणि ते लक्षात यायला उशीर झाला. मधल्या २३ वर्षांत विमान बदललं, कंपनी बदलली, देश बदलला. चूक मात्र जवळजवळ तीच राहिली. म्हणूनच हे अपघात ‘वैमानिकाचा हलगर्जीपणा’ म्हणून मिटवून टाकणं मला पटत नाही.

इंजिनांची ताकद आपोआप कमीजास्त करणारा ऑटोथ्रॉटल चालू आहे, म्हणजे तो वेग राखेलच असं नाही. उतरण्याच्या एका मोडमध्ये इंजिनं अगदी कमी ताकदीवर, आयडलवर जातात आणि वेग राखायचा तो विमानाचं नाक वरखाली करून. या स्थितीत वैमानिकाने धावपट्टीचा मार्ग सुटू नये म्हणून स्वतः नाक वर उचललं, तर इंजिनं मदतीला येत नाहीत आणि वेग ओसरत जातो. बेंगळुरूत कोसळलेलं एअरबस ए-३२० याच मोडमध्ये होतं. सॅन फ्रान्सिस्कोत वैमानिकाने ऑटोपायलट काढून थ्रॉटल मागे ओढले, तेव्हा ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’मध्ये गेला. म्हणजे चालू, पण थ्रॉटलला हात न लावणारा. दोन्ही विमानांत वैमानिकांपुढचे दोन्ही फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसं न्यायचं ते पडद्यावर दाखवणारे सूचक, बंद झाले असते, तर यंत्रणा वेग राखण्याच्या मोडवर आली असती. दोन्हीकडे एक बंद झाला, दुसरा चालू राहिला. इतक्या बारीक अटीवर शेकडो जीव अवलंबून राहावेत, हे मला अस्वस्थ करतं.

वेगाचा आकडा तर डोळ्यांसमोरच होता, मग पाहिला का नाही, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानेही एशियानाच्या वैमानिकांवरच मुख्य ठपका ठेवला. मात्र यंत्रणेची गुंतागुंत बोइंगच्या पुस्तिकांत आणि एशियानाच्या प्रशिक्षणात नीट समजावलेली नव्हती, असंही नोंदवलं. शिवाय पाहणं म्हणजे उमगणं नव्हे. पाचशे फुटांवर त्या विमानाचा वेग हवा तितकाच, १३७ नॉटच्या आसपास होता. आकडा बरोबर होता, पण थ्रॉटल आयडलवर होते आणि विमान फार वेगाने खाली येत होतं. तो आकडा टिकवणारं कोणीच नव्हतं. पुढे वेग १०३ नॉटपर्यंत घसरला. मोडची नावंही पडद्यावर वरच्या बाजूला असतात. पण बोइंग ७४७च्या सिम्युलेटरमध्ये वैमानिकांची नजर कुठे फिरते हे टिपणाऱ्या २००७च्या अभ्यासात, अनपेक्षित मोडबदल त्यांच्या ध्यानातून निसटत असल्याचं दिसलं.

मग हातानेच विमान चालवा, असा सल्ला दिला जातो. हाताचा सराव हवाच. अमेरिकेच्या विमान प्रशासनानेही जानेवारी २०१३ मध्ये तसं सुचवलं होतं. पण दाट धुक्यात स्वयंचलित लँडिंगला पर्याय नाही, आणि सॅन फ्रान्सिस्कोत तर विमान हातानेच उतरवलं जात होतं! घात झाला तो अर्ध्या सुटलेल्या यंत्रणेमुळे: दिशा माणसाकडे, वेग यंत्राकडे, असं वैमानिकाने गृहीत धरलं होतं आणि यंत्राने वेग कधीच सोडून दिला होता.

त्यामुळे मोडची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवण्याची शिस्त पुरेशी नाही. रोजच्या सवयीने ती तोंडपाठ होते. ऑटोपायलट काढताक्षणी ‘वेग कोण सांभाळतंय?’ याचं उत्तर दोघांपैकी एकाने थ्रॉटल पाहून द्यायला हवं, आणि ते मिळालं नाही तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. तितकीच जबाबदारी विमान बनवणाऱ्यांची आहे. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळ एअर इंटरचं ए-३२० डोंगरावर आदळून ८७ जण गेले. ३.३ अंशांच्या उताराऐवजी मिनिटाला ३३०० फूट उतरण्याचा आदेश दिला गेला असावा, असं तपासात दिसलं. कारण पडद्यावर दोन्ही आकडे जवळपास सारखेच दिसत. नंतर एअरबसने तो पडदा बदलून पूर्ण चार अंक दाखवायला सुरुवात केली. एशियानाच्या विमानात मात्र कमी वेगाचा इशारा वाजला तो आदळण्यापूर्वी जेमतेम ११ सेकंद. आयडलवरच्या जेट इंजिनाला पूर्ण ताकद पकडायलाच काही सेकंद लागतात. असा इशारा निदान पाचशे फुटांवर, थ्रॉटल आयडलवर आहेत हे ओळखून मिळायला हवा.