घटनादुरुस्ती : बदल कशासाठी, कुठवर?

राज्यघटना हा देशाचा मूलभूत कायदा. तो वाटेल तेव्हा बदलता आला, तर त्याचे मोल उरणार नाही. आणि कधीच बदलता आला नाही, तर बदलत्या समाजाला तो जाचक ठरेल. घटनाकारांनी म्हणून मधला मार्ग स्वीकारला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेत २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या.

दुरुस्तीची पद्धत कलम ३६८ मध्ये दिली आहे. विधेयक लोकसभा व राज्यसभा या दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे मंजूर व्हावे लागते. संयुक्त बैठकीची पळवाट येथे नाही. त्यासाठी एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते, अशा दोन्ही अटी आहेत. ५४३ सदस्यांच्या लोकसभेत ४५० जणांनी मतदान केल्यास ३०० मते हवीत. मात्र ३६० जणांनीच मतदान केले, तर २४० मते पुरत नाहीत. २७२ चा आकडा गाठावाच लागतो. केंद्र व राज्ये यांच्यातील अधिकारांची वाटणी, राष्ट्रपतींची निवडणूक अशा विषयांत किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही आवश्यक असते. वस्तू व सेवा करासाठीची १०१ वी दुरुस्ती (२०१६) अशीच झाली.

दुरुस्तीची कारणे अनेक असतात. न्यायालयीन निकालांमुळे जमीन सुधारणा व आरक्षण अडचणीत आले, तेव्हा १९५१ मध्ये पहिली दुरुस्ती झाली. ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. कधी दुरुस्तीतूनच नवा पेच उभा राहतो. मराठा आरक्षणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये १०२ व्या दुरुस्तीचा जो अर्थ लावला, त्यामुळे मागास वर्ग निश्चित करण्याचा राज्यांचा अधिकार संपुष्टात आला. तो परत देण्यासाठी त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करावी लागली.

पण संसद काहीही बदलू शकते काय? केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी १३ न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी उत्तर दिले : घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता येईल, मात्र तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

या मर्यादेचे महत्त्व आणीबाणीत कळले. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देण्याची वाटच बंद केली. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. तत्पूर्वी १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने, आणीबाणी लादण्यासाठी 'अंतर्गत अशांतता' हे मोघम कारण काढून 'सशस्त्र उठाव' ही कठोर अट घातली. म्हणजे, दुरुस्तीने केलेले नुकसान काही अंशी दुरुस्तीनेच भरून काढले.

मूलभूत चौकटीची व्याख्या घटनेत कुठेही नाही. ती निकालागणिक स्पष्ट होत गेली. न्यायाधीश नियुक्ती आयोगासाठीची ९९ वी दुरुस्ती २०१५ मध्ये याच निकषावर रद्द झाली. निवडून आलेल्या संसदेपेक्षा न्यायाधीशांचा शब्द अखेरचा का, असा आक्षेप त्यामुळे घेतला जातो. तो गैरलागू म्हणता येत नाही. मात्र, प्रचंड बहुमत नागरिकांच्या हक्कांवरच उलटते तेव्हा काय होते, हे देशाने १९७६ मध्ये अनुभवले आहे.