गराज सेलमधली चिनी बरणी

पिस्कॅटवेतल्या एका गराज सेलमध्ये आम्हाला एक तपकिरी बरणी दिसली. रुंद खांदे, लहान तोंड आणि काकवीसारखी चकाकी. भारतातून आलेल्या आईंनी "लोणच्याला छान आहे!" म्हणत ती लगेच उचलली. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "चिनी दारूची आहे, दीडशे वर्षं जुनी." आईंनी ती तितक्याच लगेच खाली ठेवली! तरी बरणी घरी आलीच. मग लोणचे घालण्याआधी थोडी माहिती जमवली, ती इथे देत आहोत.

चीनमधली भाताची दारू वाफवलेल्या भाताला विरजण लावून आंबवतात. चेचियांग प्रांतातले शाओशिंग गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे ती मातीच्या मोठ्या रांजणांत मुरवतात. तोंडावर कमळाची पाने बांधून वरून चिखल लिंपतात. आपण बरणीला दादरा बांधतो, तसेच काहीसे. मुलगी जन्मली की रांजण पुरायचा आणि तिच्या लग्नात उघडायचा, ही तिथली जुनी रीत. अशा दारूच्या नक्षीदार रांजणांवरून तिला 'हुआत्याओ', म्हणजे कोरीव फुले, असे नाव पडले.

परंपरा किती जुनी असावी? हेनान प्रांतातल्या जियाहू इथल्या सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या खापरांत तांदूळ, मध आणि फळे यांच्या आंबवलेल्या पेयाचे अंश सापडले. २००४ साली हे दाखवून देणाऱ्या चमूचे प्रमुख पॅट्रिक मॅकगव्हर्न आपल्या शेजारच्या फिलाडेल्फियातल्या पेन म्युझियमचे होते.

आता बरणीचे वय. १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे रोमन लिपीत 'चायना' असेल, तर वस्तू बहुधा त्यानंतरची. नाव नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण चिकटवलेला कागद कधीच निघून गेलेला असू शकतो. 'ही बाटली विकण्यास किंवा पुन्हा वापरण्यास कायद्याने मनाई आहे' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दारूच्या बाटल्यांवर १९३५ ते १९६४ या काळात सक्तीचे होते. आमच्या बरणीच्या खांद्यावर नेमके तेच निघाले. दीडशे वर्षे तिथेच संपली!

राहिला लोणच्याचा प्रश्न. साधारण १२०० अंश सेल्सिअसला भाजलेल्या तपकिरी भांड्यांच्या झिलईत सहसा शिसे नसते. कमी आचेवर भाजलेल्या जुन्या हिरव्या-पिवळ्या झिलईत ते बऱ्याचदा असते आणि लिंबू, कैरी, व्हिनेगर यांच्या आंबटपणाने अन्नात उतरते. लहान मुलांना ते फार घातक. नुसते पाहून हे कळत नाही. दुकानात मिळणाऱ्या घरगुती चाचणीत शिसे दिसले नाही, तरी भांडे निर्धोक ठरत नाही. शिवाय आधीच्या मालकाने आत रॉकेल ठेवले होते की रंग, कोण सांगणार?

आमचे लोणचे शेवटी काचेच्या बरणीत मुरले. चिनी बरणी ओट्यावर आहे. तिच्यात उलथणी आणि लाटणी उभी असतात.