काळ्या जमिनीतील गुलाब : लक्षणे, निदान व उपाय
(कामरगाव परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे गाव पश्चिम विदर्भाच्या कापूस-सोयाबीन पट्ट्यात मोडते. या पट्ट्यात घरांच्या अंगणात आणि शाळा-महाविद्यालयांच्या आवारात गुलाब हौसेने लावला जातो. मात्र पहिल्या हिवाळ्यात भरभरून फुललेले झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पिवळे पडते, शेंड्याकडून वाळते किंवा नुसतेच लांब फोक देत राहते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी कपाशीसाठी आणलेल्या कीटकनाशकाची उरलेली बाटली सहज हाती येते. २०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. हे लक्षात घेता, मुले खेळतात त्या अंगणात निदानाशिवाय केलेली फवारणी ही केवळ बागकामातील चूक मानता येत नाही. शिवाय गुलाबाच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ किडीत नसून जमिनीत व पाण्यात असते.

जमीन, पाणी व पानांचा पिवळेपणा

या भागातील काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातील चिकणमाती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. फुगलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, तर आकसताना पडणाऱ्या भेगांत बारीक मुळे तुटतात. तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो; गुलाबाला मात्र ६ ते ६.५ चा सामू मानवतो. त्यातच रोपवाटिकेतील कलम पुष्कळदा लाल मातीच्या गोळ्यासह येते. तो गोळा तसाच काळ्या मातीत बसविल्यास मुळे त्याबाहेर पडण्यास कचरतात.

पान पिवळे दिसताच पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा : पिवळे पान नवे की जुने? शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी व त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता संभवते. येथे मातीत लोह नसते असे नव्हे. चुनखडीमुळे ते मुळांना उपलब्ध होत नाही. याची पडताळणी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहज होते. मातीच्या ढेकळावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले असता फेस आला, तर मुक्त चुना आहे असे समजावे. अशा जमिनीत टाकलेले फेरस सल्फेट, म्हणजेच हिराकस, लवकरच निरुपयोगी होते. साधे इडीटीए स्वरूपातील लोहही अधिक सामूला टिकत नाही. इडीडीएचए स्वरूपातील लोह टिकते. तातडीचा उपाय म्हणून लिटरला २ ते ३ ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी पानांवर फवारता येते. अंड्याची टरफले टाकण्याची प्रथा मात्र येथे अनाकलनीय वाटते, कारण जिथे चुनाच जास्त आहे तिथे ती आणखी चुनाच देतात.

याउलट खालची जुनी पाने एकसारखी पिवळी पडून गळत असतील, तर पाणी साचणे किंवा नत्राची कमतरता यांचा विचार करावा. झाडाजवळ हातभर खोल खड्डा करून त्यात पाणी भरावे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल, तर कोणतेही खत उपयोगी पडणार नाही. हिवाळ्याच्या प्रारंभी झाड उचलून फूटभर उंचीच्या गादीवाफ्यावर लावणे, मातीत चाळलेले शेणखत व वाळू भरपूर मिसळणे आणि आळ्यात पाणी साचू न देणे, हाच खरा इलाज होय.

बुरशी व ऋतू

काळे ठिपके व भुरी हे दोन्ही रोग बुरशीजन्य असले, तरी त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजण्यासाठी पान काही तास ओले राहावे लागते. म्हणून हा रोग पावसाळ्यात बळावतो. ठिपक्यांच्या कडा झालरीसारख्या असतात व भोवतालचा भाग पिवळा पडून पान गळते. गळलेली पाने वेचून नष्ट करणे आणि पाणी पानांवर न देता बुंध्याशी देणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. भुरीला ओल्या पानाची गरज नसते. कोरडे दिवस व थंड रात्री असताना, म्हणजे साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कोवळ्या पानांवर व कळ्यांवर तिची पांढरी पूड दिसते. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात वापरावे; मात्र तापमान ३२ अंशांपुढे गेल्यास त्याने पाने करपतात.

छाटणीनंतर कापलेल्या टोकापासून खाली काळी पडत जाणारी फांदी हे शेंडेमर रोगाचे लक्षण होय. आतील गर पांढरा व निरोगी दिसेपर्यंत फांदी कापावी, सिकेटर दर वेळी स्पिरिटने पुसावे आणि जखमेवर बोर्डो मलम लावावा (मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर). ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबल्यावर छाटणी केल्यास हा धोका कमी होतो.

कोळी, मधमाशी व जुनी औषधे

मे महिन्यात पाने धुळकट व निस्तेज होऊन त्यांच्या खालच्या बाजूस बारीक जाळी दिसते, ती लाल कोळ्याची. पान पांढऱ्या कागदावर झटकल्यास हालणारे ठिपके दिसतात. कोळी हा कीटक नसल्याने सर्वसाधारण कीटकनाशकांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. उलट त्याचे नैसर्गिक शत्रू मरून प्रादुर्भाव वाढतो. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा सकाळी काही दिवस मारणे पुरेसे ठरते. जुन्या मराठी बागकाम-पुस्तकांत कोळ्यासाठी डायकोफॉल व भुरीसाठी डिनोकॅप सुचविलेले आढळते. या दोन्हींवर केंद्र शासनाने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखे अर्धगोल दिसले, तर ते पानकापी मधमाशीचे काम समजावे. तिच्यावर काहीही फवारू नये.

‘गुलाब रानटी झाला’

एका झाडाची फुले लहान झाली किंवा ते फुलेनासेच झाले, की ‘गुलाब रानटी झाला’ असे म्हणतात. वस्तुतः डोळा भरलेली जात बदलत नाही. ती मरते आणि खालचा खुंट वाढतो. कलमाच्या जोडाखालून निघालेला फोक हा खुंटाचाच समजावा. पानांतील पर्णिकांची संख्या मोजून निर्णय घेण्याची पद्धत भरवशाची नाही, कारण सात पर्णिका कलमी जातीतही आढळतात. माती बाजूला सारून फोकाचा उगम पाहावा आणि तो न छाटता मुळापासून ओढून काढावा. छाटल्यास त्याच जागी अनेक फुटवे येतात. जोडावरील सर्व भाग वाळलेला असल्यास ते झाड वाचविण्याचा खटाटोप न करता नवे कलम आणावे, व ते लावताना जोड मातीच्या वर राहील याची दक्षता घ्यावी.