दोन मिनिटांचं विमान

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही पलीकडे, समुद्रात, ऑर्कनी बेटं आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये चक्क वेळापत्रकातलं, तिकीट काढून जायचं विमान आहे. अंतर २.७ किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी यापेक्षा लांब आहे! जगातलं हे सर्वांत छोटं नियमित उड्डाण. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात, आणि विक्रम आहे ५३ सेकंदांचा.

हिशेब करून पाहा. ५३ सेकंदांत २,७०० मीटर म्हणजे ताशी साधारण १८३ किलोमीटर. विमानाच्या मानाने हा वेग फारसा नाहीच. खरी मेख आहे सरळ रेषेत. विमानाला उचलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा; जमिनीवर ते किती वेगाने धावतंय याच्याशी पंखांना देणंघेणं नसतं. म्हणून वैमानिक शक्यतो वाऱ्याला सामोरा जाऊन उडतो आणि उतरतानाही तसाच उतरतो. वारा जिकडून येतोय तिकडेच नेमकं शेजारचं बेट असेल, तर नाकासमोर उडायचं, नाकासमोर उतरायचं. नसेल तर वळसा आला. मुंबईहून दिल्लीला जाताना असा वळसा कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र वळसाच मूळ प्रवासाएवढा होऊन बसतो, आणि नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर निरुपयोगी ठरतं.

विमानाचं नाव आयलँडर. दोन पंख्यांचं, जेमतेम आठ-नऊ माणसांचं. आत उभं राहता येत नाही, मधून चालायला जागा नाही. कुणी कुठे बसायचं हे वजन बघून ठरतं, कारण एवढ्याशा विमानात एक धिप्पाड माणूस मागे बसला तरी तोल बदलतो. नशीब असेल तर वैमानिकाच्या शेजारची खुर्ची मिळते; मग सगळे काटे तुमच्यासमोर, आणि उडताक्षणी उतरायची धावपट्टीही समोर.

एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला, होडी नाही का? आहे की. पंचवीसेक मिनिटांत पोचवते. पण विमान मुळात या दोन बेटांसाठी सोडलेलंच नाही. ते येतं ऑर्कनीच्या मुख्य गावाहून, कर्कवॉलहून, आणि एसटी जशी एका गावात माणसं उतरवून पुढच्या वाडीला जाते तसं वेस्ट्रेला थांबून पापा वेस्ट्रेला जातं. विक्रमी उड्डाण म्हणजे या फेरीतला नुसता एक टप्पा! लोगनएअर ही कंपनी १९६७ पासून तो उडवते आहे, आणि तिथली स्थानिक परिषद त्याला पैशाचा टेकू देते. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्याही आत. निव्वळ तिकिटांवर असं विमान चालणं शक्यच नाही. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण यांची ये-जा त्यावर होते.

अलीकडे हौशी पर्यटकही येतात. त्यांतले बरेच जण दोन मिनिटं उडून लगेच परततात, हे जरा वाईटच. कारण पापा वेस्ट्रेवर नॅप ऑफ हाउअर नावाचं साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी घर आहे. भिंती शाबूत, दारातून वाकून आत जाता येतं. उत्तर युरोपातल्या सर्वांत जुन्या उभ्या घरांत त्याची गणना होते, आणि धावपट्टीपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.