चिंतामण त्र्यंबक खानोलकर

चिंतामण त्र्यंबक खानोलकर ऊर्फ आरती प्रभू (जन्म : बागलांची राई, तेंडोली, ता. वेंगुर्ला, ८ मार्च १९३०, मृत्यू : २६ एप्रिल १९७६) हे मराठी कवी, कादंबरीकार, कथाकार व नाटककार होते. कविता त्यांनी ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिली. गद्य व नाट्यलेखन स्वतःच्या नावाने केले. त्यांच्या हयातीत वेंगुर्ला तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९८१ साली तो नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेला.

जीवन

कुडाळ येथे खानावळ चालवून उदरनिर्वाह करीत असतानाच ते काव्यलेखन करीत. १९५४ साली ‘सत्यकथा’ मासिकात प्रसिद्ध झालेल्या ‘शून्य शृंगारते’ या कवितेने रसिकांचे लक्ष वेधले. पुढे ते मुंबईस आले व काही काळ आकाशवाणीवर नोकरीस होते. आर्थिक अस्थैर्य असूनही त्यांनी विपुल लेखन केले.

साहित्य

‘जोगवा’ (१९५९), ‘दिवेलागण’ (१९६२) व ‘नक्षत्रांचे देणे’ (१९७५) हे त्यांचे काव्यसंग्रह होत. ‘रात्र काळी, घागर काळी’, ‘कोंडुरा’, ‘त्रिशंकू’ व ‘चानी’ या कादंबऱ्या, तर ‘एक शून्य बाजीराव’ हे नाटक विशेष प्रसिद्ध आहे. ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे रूपांतरही त्यांचेच.

वैशिष्ट्ये

बाह्य वास्तवाचे यथातथ्य चित्रण न करता मनातील भय व ताण प्रतिमांतून प्रकट करणे, हे विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात बहरलेल्या अभिव्यक्तिवादाचे लक्षण मानले जाते. खानोलकर त्या संप्रदायाचे लेखक नव्हते; मात्र त्यांच्या लेखनात या वृत्तीशी साम्य आढळते. त्यांच्या साहित्यातील कोकण हा निसर्गरम्य प्रदेश नसून नियती, पाप व वासना यांची रंगभूमी आहे. ‘कोंडुरा’मध्ये दैवी वरदानावरील श्रद्धाच माणसाला होरपळते, ‘चानी’मध्ये गोऱ्या शिपायापासून जन्मलेल्या मुलीला गाव आपले मानत नाही. अदृश्य शक्तीपुढील माणसाची असहायता हे सूत्र त्यांच्या काव्यास व गद्यास जोडते. त्यामुळे नावे दोन असली तरी लेखनामागील दृष्टी एकच राहते.

सन्मान व चित्रपट

त्यांना १९७६ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘नक्षत्रांचे देणे’ या संग्रहास १९७८ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. व्ही. शांताराम यांचा ‘चानी’ व श्याम बेनेगल यांचा ‘कोंडुरा’ हे चित्रपट त्यांच्या कादंबऱ्यांवर आधारित असून ते दोन्ही त्यांच्या निधनानंतर प्रदर्शित झाले.