लिनक्स टाकले, पण वाय-फाय कुठे गेले?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित अपडेट थांबले. विंडोज ११च्या अटींत न बसणारा एखादा लॅपटॉप ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कपाटांतही पडून असेल. त्यावर डेबियनसारखी मोफत आणि मुक्त लिनक्स प्रणाली टाकली की तो पुन्हा कामाला येतो. कधी कधी मात्र सगळे सुरू होते आणि वाय-फायच दिसत नाही. लॅपटॉप भंगारात देण्याआधी यामागचे कारण समजून घ्या.

वाय-फायला दोन प्रकारचे सॉफ्टवेअर लागते. ड्रायव्हर हा दुभाष्या; तो लिनक्सचा निरोप चिपपर्यंत पोचवतो. फर्मवेअर खुद्द चिपच्या आत चालते. इंटेलच्या वाय-फाय कार्डांचा लिनक्स ड्रायव्हर खुला आहे, तो कुणीही वाचू शकतो. फर्मवेअर मात्र बंद. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपचे फर्मवेअर तर इतरांना वाटण्याचीही मुभा नाही. ते इंटरनेटवरून वेगळे उतरवावे लागते. म्हणजे दोर विहिरीच्या तळाशी!

डेबियननेही बंद फर्मवेअर अनेक वर्षे तत्त्व म्हणून अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले. २०२२मध्ये सदस्यांनी मतदान करून ते आत घेतले आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून ते सोबत येते.

सोय झाली, पण विरोधकांची शंका पोकळ नव्हती. २०१७मध्ये ब्रॉडकॉमच्या वाय-फाय फर्मवेअरमध्ये ‘ब्रॉडपॉन’ हा दोष सापडला. फोनधारकाने काहीही न दाबता, वाय-फायच्या टप्प्यातल्या हल्लेखोराला चिपचा ताबा घेता येत होता. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींसाठी दुरुस्ती काढावी लागली. बंद फर्मवेअरची दुरुस्ती कंपनीच्याच हाती असते. तिने जुन्या चिपकडे पाठ फिरवली, की भोक तसेच राहते.

मग काय करावे? आधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ लिनक्स चालवून पाहा. यात हार्डडिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय दिसले नाही, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा आणि हवे ते फर्मवेअर उतरवा. बंद फर्मवेअर नकोच असेल, तर एआर९२७१ चिपचा यूएसबी अडॅप्टर शोधा. त्याचे फर्मवेअरही खुले आहे. लिनक्स नवीन असेल, तर पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतून मोफत धडे आहेत.

पुढचा लॅपटॉप घेताना रॅम आणि हार्डडिस्कबरोबर वाय-फायची चिप कोणती, हेही दुकानदाराला विचारा.