उठल्याबरोबर डोकं का दुखतं?

सकाळी उठल्याबरोबर डोकं जड असलं की आपल्याकडे निदान घरातच होतं. आई म्हणते पित्त झालंय, वडील म्हणतात बीपी बघून ये, शेजारच्या काकू म्हणतात सायनस असेल, वाफ घे. कुणी बाम चोळतं, कुणी मेडिकलमधून आणलेली गोळी घेतं आणि चहा झाला की तासाभरात डोकं उतरतंही. मग विषय तिथेच संपतो. आठवड्यातल्या तीन-चार सकाळी अशाच जायला लागल्या, तरी सगळी विचारपूस डोक्याचीच होते. खरी चौकशी करायला हवी ती आधीच्या रात्रीची. झोपेच्या सहा-सात तासांत शरीरात काय घडलं आणि शरीराला नेहमीचं काय मिळालं नाही, हे पाहिलं की बहुतेकांच्या बाबतीत कारण हाती लागतं.

आधी दुखतं काय ते पाहू. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, म्हणूनच मेंदूच्या काही शस्त्रक्रिया रुग्णाला जागं ठेवून करता येतात. दुखतात ती मेंदूवरची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या आणि कवटीबाहेरचे कानशिलाचे, टाळूचे, मानेचे स्नायू. चेहरा आणि कपाळाकडून येणाऱ्या मज्जातंतूचे धागे आणि मानेच्या वरच्या भागातून येणारे धागे मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी पोचतात. त्यामुळे बिघाड मानेत आणि दुखणं डोळ्याच्या वर, असंही होतं. आता रात्र कशी असते बघा. आपण आडवे असतो, त्यामुळे कवटीतला दाब थोडा वाढतो. श्वास संथ होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो. पोट रिकामं राहतं. दुपारच्या चहाचा आणि संध्याकाळच्या गोळीचा अंमल उतरतो. पहाटे जागं होण्याची तयारी म्हणून कॉर्टिसॉल आणि रक्तदाब वर चढू लागतात. निरोगी माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. कुठे तरी आधीच काही बिनसलेलं असेल, तर ते या वेळी वर येतं.

घरच्या तीन निदानांपैकी बीपी पहिल्यांदा बाजूला काढू. नेहमीचा वाढलेला रक्तदाब, म्हणजे १५०/९५ वगैरे, सहसा डोकं दुखवत नाही. तो गुपचूप राहतो आणि म्हणूनच धोकादायक असतो. १८०/१२० च्या पुढे अचानक गेला तर डोकेदुखी होऊ शकते, पण तो तातडीचा प्रसंग असतो. बीपी तपासून घ्यायला हरकत काहीच नाही. मात्र ‘डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी ठीक आहे’ असं मानून गोळी बंद करणारी माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत आणि त्यांचं मात्र खरोखर नुकसान होतं.

सायनसचंही तसंच. सायनसला खरा संसर्ग झाला असेल तर नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव येतो, वास कळेनासा होतो, बऱ्याचदा ताप असतो आणि दुखणं काही दिवसांत संपतं. वर्षानुवर्षं येत राहणारा ‘सायनस’ बहुधा वेगळाच काही असतो. आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं मानणाऱ्या जवळजवळ ३,००० जणांची अमेरिकेत तपासणी झाली आणि २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या जातीचं निघालं.

आणि पित्त? इथे आपल्या आया-आज्यांचं निरीक्षण अचूक आहे. डोकं ठणकतं, मळमळतं, पित्त पडलं की बरं वाटतं, अंधाऱ्या खोलीत पडून राहावंसं वाटतं. हे सगळं खरं आहे, फक्त कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्या, झटक्यात जठराची हालचाल मंदावते आणि त्यामुळे मळमळ होते. उलटीने किंवा झोपेने झटका ओसरतो. मायग्रेन पुष्कळदा पहाटे चार ते सकाळी नऊच्या दरम्यान सुरू होतो. झोप कमी झाली तरी तो येतो, जास्त झाली तरी येतो. रविवारी दोन तास उशिरा उठायचं, चहा उशिरा, नाश्ता उशिरा आणि सुट्टीचा दिवस अंथरुणात घालवायचा, हे मायग्रेनवाल्या घरांना नवं नाही. चतुर्थी-एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचं डोकं दुखणंही याच वर्गातलं. जठर संथ झाल्यामुळे गोळीही उशिरा भिनते. म्हणून डॉक्टर अनेकदा मळमळीचं औषध सोबत देतात आणि गोळी झटक्याच्या सुरुवातीलाच घ्यायला सांगतात. महिन्यातून चार-पाच दिवस किंवा जास्त असे जात असतील, तर झटके कमी करणारी, रोज घ्यायची औषधं असतात. तो विषय फॅमिली डॉक्टरांकडे जरूर काढावा.

आता ज्या कारणाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, त्याकडे येऊ: घोरणं. ‘काय गाढ झोपतो हा, घोरतो बघा’ असं आपण कौतुकाने म्हणतो. पण मोठ्याने घोरणारा, मध्येच गप्प होणारा आणि मग गचका देऊन पुन्हा श्वास घेणारा माणूस गाढ झोपलेला नसतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ, पडजीभ आणि आजूबाजूचा मऊ भाग मागे सरकतो. अरुंद झालेल्या वाटेतून हवा जोराने ओढली की ओली झालेली कागदी स्ट्रॉ ओढताना जशी चिकटते, तशी ती वाट मिटते. श्वास दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ थांबतो. रक्तातला प्राणवायू घसरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात. शेवटी मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, स्नायू ताठ करतो, श्वास सुरू होतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला असे पाच प्रसंग झाले तर आजार धरतात, तीसच्या पुढे तो तीव्र मानतात. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर, आणि सकाळी त्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही.

याची डोकेदुखी ओळखू येण्यासारखी असते. दोन्ही बाजूंना दाबल्यासारखं दुखतं, ठणका नसतो, मळमळ नसते, उजेडाचा त्रास नसतो आणि उठल्यावर चार तासांच्या आत ते आपोआप जातं. महिन्यातले निम्मे दिवस किंवा अधिक असं होतं. कमी पडलेला प्राणवायू, साचलेला कार्बन डायऑक्साइड की तुकड्या-तुकड्यांची झोप, यांतला मुख्य दोषी कोण यावर तज्ज्ञांचा वाद आहे. उपायाच्या दृष्टीने त्याने फारसं बिघडत नाही. सोबत तोंड कोरडं पडणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, दुपारी खुर्चीत किंवा सिग्नलला स्टेअरिंगवर डुलकी लागणं, हेही असतं. आणि इथे वडिलांच्या बीपीला थोडा न्याय द्यायला हवा. दर वेळी श्वास अडला की शरीर अड्रेनलिन सोडतं आणि रक्तदाब उसळतो. तीन-तीन गोळ्यांनी न उतरणाऱ्या बीपीमागे पुष्कळदा ॲप्निया सापडतो. म्हणजे बीपीने डोकं दुखत नसतं, तर एकाच रोगाने दोन्ही होत असतं.

हा फक्त लठ्ठ पुरुषांचा आजार आहे, हा समजही सोडा. मानेचा घेर मोठा असणाऱ्यांना धोका जास्त हे खरं, पण लहान जबडा असलेल्या सडपातळ माणसांना तो होतो, पाळी गेल्यावर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं आणि टॉन्सिल-ॲडिनॉइड वाढलेल्या मुलांनाही होतो. तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. रात्रभर श्वास, नाडी, प्राणवायू आणि झोपेच्या अवस्था नोंदवल्या जातात, आता ती घरच्या अंथरुणातही करता येते. कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं, मनाने झोपेच्या गोळ्या न घेणं, वजन दहा टक्क्यांनी उतरवणं, याने फरक पडतो. मध्यम आणि तीव्र आजारात सीपॅप यंत्र लागतं. मास्कमधून हवेचा सौम्य दाब देऊन ते घसा उघडा ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली आणि अजूनही त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. मास्क लावून झोपायचं या कल्पनेने माणसं बिचकतात. पण नीट सवय झालेल्यांची सकाळ अक्षरशः बदलते, असा डॉक्टरांचा आणि त्याहून जास्त रुग्णांच्या बायकांचा अनुभव आहे.

दुसरं मोठं कारण आपण रोज स्वतःच्या हाताने गाळून घेतो. मेंदूत दिवसभर ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, ते झोप आणतं आणि रक्तवाहिन्या रुंदावतं. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवतं. रोज भरपूर कॅफिन मिळू लागलं की मेंदू ॲडेनोसिनसाठी आणखी जागा तयार करतो. मग बारा-चौदा तास कॅफिन मिळालं नाही की रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं धरतं. शेवटचा चहा संध्याकाळी पाचला झाला असेल, तर सकाळी सात वाजता बरोबर ही वेळ भरते. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन दोन आठवडे सलग घेतलं तर अशी सवय जडू शकते. आपल्या कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ऑफिसातले पाच-सहा कप पुरेसे आहेत. ‘चहा घेतल्याशिवाय डोकं उतरत नाही’ यात चहाचा गुण कमी आणि चहाची सवय जास्त. एकदम सोडू नका. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत जा. एकदम सोडला तरी आठवड्याच्या आत डोकेदुखी थांबते, पण तो आठवडा घरातल्यांना जड जातो.

गोळ्यांची गोष्ट याच धर्तीची, पण जास्त गंभीर. ज्याला आधीच डोकेदुखीचा आजार आहे, त्याने पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ घेतलं, तर गोळ्याच डोकेदुखी निर्माण करू लागतात. डोकेदुखीच्या आपल्याकडच्या कित्येक लोकप्रिय गोळ्यांत कॅफिन मिसळलेलं असतं, त्यामुळे दोन्ही सवयी एकाच पाकिटात मिळतात. रात्रीतून गोळीचा अंमल उतरतो, सकाळी डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. हे चक्र तोडायचं तर गोळी थांबवावीच लागते. सुरुवातीचे काही दिवस दुखणं वाढतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीत हे करावं. पुढे मूळ आजारासाठी वेगळं औषध दिलं जातं. रोजच्या वेदनाशामकांनी जठराला व्रण होणं आणि मूत्रपिंड बिघडणं हा भाग आणखी वेगळा.

बाकीची कारणं थोडक्यात. झोपेत दात खाणाऱ्यांची कानशिलं आणि जबडा सकाळी दुखतो. दातांचे डॉक्टर झिजलेल्या दातांवरून ते ओळखतात आणि नाइट गार्ड बनवून देतात. उशी फार उंच असेल किंवा पालथं झोपायची सवय असेल तर मान आखडते. उशीने खांदा आणि मान यांमधली पोकळी भरावी, डोकं वर उचलू नये. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी घामाघूम होऊन, डोकं दुखत जाग आली तर तिथल्या तिथे साखर तपासावी. दारूचं कारण कुणाला सांगायला नको. मनाची अवस्था मात्र सांगायला हवी, कारण ती आपण डॉक्टरांपासून लपवतो. युरोपातल्या पाच देशांत जवळजवळ १९,००० लोकांना विचारलं, तेव्हा ७.६ टक्क्यांनी सकाळच्या डोकेदुखीची तक्रार सांगितली आणि तिचं सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते नैराश्य आणि चिंता यांच्याशी. पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप न लागणं आणि त्यानंतर डोकं दुखणं, हे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्याचं दुखणं आहे.

एक कारण घराच्या चार भिंतींत असू शकतं. बंद बाथरूममधला गॅस गिझर किंवा थंडीत दारं-खिडक्या लावून पेटवलेली शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आंघोळीनंतर डोकं दुखतं, गरगरतं, घरातल्या दोघा-तिघांना एकदम दुखतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, असं असेल तर गिझर त्याच दिवशी बंद करा, घरातून बाहेर पडा आणि डॉक्टरांकडे जा. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. एरवी मी लेखात हुकूम सोडत नाही, इथे सोडतो.

ट्यूमरची भीती बहुतेकांच्या मनात असते, पण सकाळच्या डोकेदुखीचं ते विरळ कारण आहे. तरीही काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नये: क्षणात आलेली आणि कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, ताप आणि मान ताठरणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, फिट, दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं आणि उलट्या, खोकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं, दिसायला अंधुक होणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यातही चावताना जबडा दुखत असेल किंवा केस विंचरताना टाळू हुळहुळत असेल, तर लगेच तपासून घ्यावी. त्यामागे रक्तवाहिनीचा असा दाह असू शकतो, ज्याने दृष्टी जाते.

यांतलं काही नसेल तर तीन आठवडे एक वही ठेवा. कधी झोपलात, कधी उठलात, शेवटचा चहा किती वाजता, गोळी कोणती आणि किती, जेवण, दारू, उपास, बायकांनी पाळीचे दिवस, दुखणं कुठे आणि किती तास. सोबत घरच्यांना विचारा, की रात्री मी घोरतो का, श्वास अडतो का, दात वाजतात का. या दोन गोष्टींतून डॉक्टरांना एमआरआयपेक्षा जास्त कळतं आणि खर्च वहीचा. दवाखान्यात जाताना ती वही आणि शेजारी झोपणारा माणूस, दोघांनाही बरोबर न्या.